वनहक्काचा दावा आणि ग्रामपंचायतीचे दप्तर

सामूहिक वनहक्कांचा, म्हणजे गाव जे जंगल पूर्वापार वापरत आणि राखत आले त्यावरील गावाच्या हक्कांचा, विषय निघाला की शहरातील जाणकार माणूसही पहिला प्रश्न हाच विचारतो की, म्हणजे जंगल आता ग्रामपंचायतीच्या ताब्यात गेले का. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका गट ग्रामपंचायतीत, म्हणजे अनेक गावांच्या मिळून असलेल्या ग्रामपंचायतीत, मी ग्रामसेवक म्हणून काम केले आहे. आमच्या पदाचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले असले, तरी गावांत अजून ग्रामसेवकच म्हणतात. त्या काळात तेथील चार गावांचे दावे तयार होताना, मंजूर होताना आणि नंतर त्या जंगलाचा कारभार लोकांच्या हाती येताना मला जवळून पाहता आले. वरील प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हक्क ग्रामसभेला मिळतो, ग्रामपंचायतीला नाही. तरीही ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या तिन्ही पायऱ्यांवर स्थानिक शासनाला या प्रक्रियेत इतके काम आहे की, ते नीट झाले नाही तर कायद्याने दिलेला हक्क वर्षानुवर्षे कागदावरच राहतो. ते काम नेमके कोणते आणि ते कोठे थांबले पाहिजे, हे मी अनुभवातून शिकलो.

माझ्या नेमणुकीच्या वेळी जिल्ह्यात या विषयाचे वारे जोरात होते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले होते. मेंढ्याचे क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर होते. परंतु हक्क मिळूनही त्या गावाला स्वतःचा बांबू विकता येत नव्हता, कारण वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनविभागाकडेच होता. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तेथे कित्येक वर्षे अभ्यासगट चालवून, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय रुजवून जे उभे केले होते, त्याचे ते फळ होते. त्यापुढच्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर २०१२ मध्ये, वनहक्क नियमांत सुधारणा झाली आणि परवाना ग्रामसभेच्या समितीने किंवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीने द्यावा, असे नियमातच लिहिले गेले. आमच्या गावांचे दावे या सुधारित नियमांनुसार तयार झाले, हे आमचे भाग्यच म्हणावे लागेल.

कामाची सुरुवात सभेपासून झाली. वनहक्क अधिनियम २००६ चा असून, त्यानुसार ग्रामसभा बोलावण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर आहे. पण ही ग्रामसभा म्हणजे गट ग्रामपंचायतीच्या कार्यालयासमोर भरणारी सर्व गावांची एकत्र सभा नव्हे. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेने विशेष दर्जा दिलेल्या आदिवासीबहुल भागात, प्रत्येक गावाची, आणि ज्या टोल्याचा (वस्तीचा) व्यवहार वेगळा आहे त्या टोल्याचीही, स्वतंत्र ग्रामसभा असते. आमच्या चारपैकी एक गाव असा टोलाच होता. मतदारयादीत तो मोठ्या गावाच्या पोटात होता, पण त्याचा देव वेगळा, त्याची शिव वेगळी आणि मोह वेचण्याची जागाही वेगळी होती. एकच दावा करून चारही गावांचे एकत्र जंगल मागावे, म्हणजे कागद कमी होतील, असा सल्ला मला वरून एकाहून अधिक वेळा मिळाला. सरपंचबाई मात्र ठाम होत्या. ‘ज्या गावानं जे जंगल राखलं, ते त्याच गावाच्या नावानं व्हावं,’ असे त्यांनी मासिक सभेत सांगितले आणि तसा ठराव झाला. पुढे जंगलाचे उत्पन्न येऊ लागले तेव्हा या ठरावाचे मोल कळले. चार गावांचा पैसा एकाच पेटीत पडला असता, तर भांडणे निस्तरताच आली नसती.

गणपूर्तीची अट कडक होती. वनहक्कांच्या ठरावासाठी गावातील किमान निम्मे प्रौढ हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. एरवीच्या ग्रामसभेत गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे महाराष्ट्रातील कितीतरी ग्रामसभा तहकुबीनंतर पाच-पंचवीस माणसांत उरकल्या जातात. येथे तसे करणे म्हणजे दाव्याच्या मुळाशीच कीड लावणे होते. सभेची तारीख कोणती ठेवावी, असे मी एका सभेत विचारले तेव्हा एक वयस्कर बाई म्हणाल्या, ‘मोहाच्या दिवसांत सभा नोको ठेवा, साहेब. अंगठे भेटतीन, बाया नाई भेटनार.’ मार्च-एप्रिलमध्ये मोह, मे महिन्यात तेंदूपान, पावसाळ्यात रोवणी आणि दिवाळीच्या सुमारास धानकापणी, असे वर्षाचे गणित आहे. सरकारी परिपत्रकांतील मुदती या गणिताकडे पाहून ठरत नाहीत. आम्ही रोवणी आटोपल्यावरचे दिवस धरले आणि सभा संध्याकाळी, जेवणानंतर, गावातील गोटुलासमोर (सामाईक सभाघरासमोर) किंवा शाळेच्या पटांगणात घेतल्या. इतिवृत्त मराठीत लिहिले जाई, पण सही-अंगठ्यांपूर्वी ते गोंडीतून आणि ज्या घरांत छत्तीसगढी बोलली जाते त्यांच्यासाठी छत्तीसगढीतून वाचून दाखवले जाई. या वाचनात वेळ जाई, आणि तो जाणे योग्यच होते, कारण कित्येक वेळा वाचून झाल्यावर लोक ‘असे आम्ही म्हटले नव्हते’ असे सांगत आणि मजकूर दुरुस्त होई.

अशाच सभांतून वनहक्क समित्या निवडल्या गेल्या. समितीत १० ते १५ सदस्य असतात. त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. अध्यक्ष आणि सचिव समितीने आपल्यातूनच निवडायचे असतात. ग्रामसेवकच समितीचा सचिव होतो, असा समज लोकांत आणि कार्यालयांतही होता. मी ते पद घेतले नाही. पूर्वीच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांत, ज्यांची सुरुवात महाराष्ट्रात १९९२ च्या शासननिर्णयाने झाली, सचिवपद वनकर्मचाऱ्याकडे असे आणि त्यामुळे दप्तर नेहमी गावाबाहेर राही. आता ते दप्तर वनकर्मचाऱ्याच्या टेबलावरून उचलून ग्रामसेवकाच्या टेबलावर ठेवणे हा बदल पुरेसा नव्हता. बारावी झालेल्या तरुणाला किंवा तरुणीला सचिव करावे आणि मी शेजारी बसून नोंदी कशा घ्याव्यात ते दाखवावे, असे ठरले. टोल्यातील समितीची सचिव झालेली मुलगी पुढे माझ्याइतकेच सुबक इतिवृत्त लिहू लागली.

पुराव्यांचा भाग मला सर्वांत अधिक आवडला. नियमांप्रमाणे जुने सरकारी अभिलेख, नकाशे, वनविभागाच्या कार्य आयोजना (जंगलातील कामांचे आराखडे), देवस्थाने, स्मशाने, विहिरी यांसारख्या खुणा आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब असे अनेक प्रकारचे पुरावे चालतात. यांपैकी एकाहून अधिक असावेत, एवढीच अट आहे. आमच्या भागात निस्तारपत्रक हा फार महत्त्वाचा कागद आहे. हा प्रदेश पूर्वी मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात, जमीनदारीखाली होता. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या संपुष्टात आल्या आणि जंगल सरकारजमा झाले, पण सरपण, घरासाठी लाकूड, बांबू, चराई, मोह यांवरील गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क, म्हणजे निस्तार, कोणत्या गावाला कोणत्या जंगलात आहेत, याच्या नोंदी राहिल्या. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला, त्यामुळे जुने दप्तर शोधायला चंद्रपूरपर्यंत जावे लागले. येथे ग्रामपंचायतीच्या पत्राचा खरा उपयोग झाला. गावातील माणसाने तोंडी मागितलेली नक्कल मिळायला महिने लागतात. तीच मागणी ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, ठरावाच्या प्रतीसह आणि आवक क्रमांकासह गेली, तर उत्तर देणे भाग पडते. प्रत्येक पत्राची पोच जपून ठेवायची, हा नियम आम्ही कसोशीने पाळला.

कागदांनंतर पायी फिरून सीमा ठरवण्याचे काम होते. गावपाटील, भूमिया (गावपुजारी), गुराखी आणि मोह वेचणाऱ्या बाया पुढे, जीपीएस यंत्र घेतलेले तरुण मागे, अशी ती शिवफेरी होती. कोणता नाला कोठे वळतो, कोणत्या टेकडीवर कोणाचा देव आहे, पूर्वी कुठल्या गावाची गुरे कोठवर येत, हे सर्व लोकांच्या तोंडी होते. वनविभागाच्या नकाशावर ते ‘कक्ष क्रमांक’, म्हणजे खात्याने पाडलेल्या जंगलाच्या भागांचे क्रमांक, या आकड्यांत दिसत होते. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले तेव्हा आमच्या दोन गावांच्या सीमा एका पट्ट्यात एकमेकींवर चढलेल्या दिसल्या. तेथील मोहाची झाडे दोन्ही गावे वेचत आली होती. अशा वेळी दोन्ही ग्रामसभांनी एकत्र बसून तोडगा काढावा, तो निघाला नाही तरच विषय उपविभागीय समितीकडे जावा, असे नियम सांगतो. आमच्या सरपंचबाई आणि सदस्य या बैठकीला हजर होते, पण बोलायचे काम दोन्ही गावांच्या वडीलधाऱ्यांनी केले. पट्टा सामायिक ठेवावा, त्यातील मोह पूर्वीप्रमाणे झाडानिशी ठरलेल्या घरांनी वेचावा, आणि आग लागली तर दोन्ही गावांनी विझवायला जावे, असे लिहिले गेले. हा कागद दोन्ही दाव्यांना जोडला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ही दोन्ही गावे परस्परविरोधी पॅनेलमध्ये असत, तरीही जंगलाच्या बाबतीत ती एका कागदावर आली, याचा आनंद मला आजही आहे.

प्रत्यक्ष पडताळणीच्या वेळी वन आणि महसूल खात्यांच्या प्रतिनिधींना लेखी कळवावे लागते आणि त्यांनी हजर राहावे लागते. एका तारखेला कोणी आले नाही. आम्ही पुन्हा कळवले, पुन्हा पोच घेतली, आणि दुसऱ्या तारखेला सर्व आले. जे वनपाल आणि वनरक्षक आले होते त्यांना ते जंगल उत्तम माहीत होते आणि त्यांनी पंचनाम्यावर सरळपणे सह्या केल्या, हे मी आवर्जून नोंदवतो. गावातील वनकर्मचारी आणि गावकरी यांच्यात जी तेढ असल्याचे सांगितले जाते, ती बरीचशी वरच्या पातळीवरील आदेशांतून आलेली असते, असे माझे मत त्या दिवसांत बनले.

ग्रामसभेने मंजूर केलेले दावे उपविभागीय स्तरीय समितीकडे गेले. ही समिती आणि तिच्या वरची जिल्हास्तरीय समिती यांच्या रचनेकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. उपविभागीय समितीत अधिकाऱ्यांबरोबर पंचायत समितीचे तीन सदस्य असतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीत जिल्हा परिषदेचे तीन सदस्य असतात. या तिघांपैकी किमान दोघे अनुसूचित जमातीचे असावेत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. म्हणजे वनहक्कांचा निर्णय केवळ अधिकाऱ्यांनी करू नये, लोकांनी निवडलेल्या माणसांनीही करावा, अशी योजना आहे. आमच्या दोन दाव्यांच्या फायली ‘त्रुटी आहेत’ एवढ्या तोंडी निरोपावर परत पाठवण्याचे घाटत होते. कारणे लेखी द्यावीत आणि ग्रामसभेला फेरविचाराची संधी द्यावी, असे नियमात स्पष्ट आहे. समितीवर असलेल्या पंचायत समिती सदस्यांना आम्ही भेटलो आणि नियमांची प्रत दिली. त्यांनी बैठकीत हा मुद्दा लावून धरला, तेव्हा कारणे लेखी आली. त्यांपैकी एक कारण नकाशाच्या प्रमाणाविषयी होते आणि ते रास्त होते. आम्ही ते दुरुस्त केले. दुसरे कारण असे होते की, हे क्षेत्र वनविभागाच्या कार्य आयोजनेत बांबूतोडीसाठी राखलेले आहे. दावा नाकारण्यासाठी हे कारण कायद्यात बसत नाही, असे ग्रामसभेने ठराव करून कळवले.

२०२२ मध्ये राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली, प्रशासक नेमले गेले आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, तेव्हा मला पहिल्यांदा पंचायत समितीच्या त्या सदस्यांची आठवण झाली. निवडून आलेली माणसेच नसतील, तर समितीत गावाची बाजू कोण मांडणार, असा प्रश्न वनहक्कांच्या संदर्भात फार थोड्यांनी विचारला. रस्ते आणि शाळाखोल्या अडल्या याची चर्चा झाली. या रिकाम्या खुर्च्यांची झाली नाही.

हक्कपत्रे मिळाली तो दिवस गावांत सणासारखा साजरा झाला. मात्र एका गावाच्या हक्कपत्रात दाव्यातील काही कक्ष वगळलेले होते. ग्रामसभेने हक्कपत्र स्वीकारले, पण वगळलेल्या क्षेत्राचा आग्रह सोडलेला नाही, असा ठराव त्याच दिवशी करून घेतला. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची मुदत ६० दिवसांची असते, आणि आनंदाच्या भरात ती निघून जाण्याचा धोका मोठा असतो.

हक्कपत्रानंतरचा भाग मला अधिक कठीण वाटला. ग्रामसभेने सामूहिक वनसंसाधनाच्या व्यवस्थापनासाठी स्वतःची समिती नेमली. समितीचे बँकखाते, पॅन, रोकडवही, पावतीपुस्तक, लेखापरीक्षण या सर्व गोष्टी नव्याने उभ्या करायच्या होत्या. बँकेत पहिली अडचण आली की, ‘ग्रामसभा’ या नावाने खाते कसे उघडायचे ते तेथील कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हते. ग्रामपंचायतीच्याच खात्यात रक्कम घ्या, असे त्यांनी सुचवले. तेंदूपानांच्या एका खरेदीदारानेही हाच आग्रह धरला. त्याला एका खात्याशी व्यवहार सोयीचा होता, आणि सरपंच व ग्रामसेवक या दोन सह्या मिळवणे साऱ्या गावाला समजावण्यापेक्षा सोपे होते. ग्रामपंचायतीने या दोन्ही सूचना नाकारल्या. पंचायतीच्या हाती पैसा येत असताना तो नाकारणारा ठराव मी माझ्या नोकरीत एवढाच लिहिला, आणि तो लिहिताना मला सरपंचबाईंविषयी अतिशय आदर वाटला. २०१४ मध्ये महाराष्ट्राचे पेसा (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींविषयीच्या कायद्याचे) नियम आले आणि त्यांत ग्रामसभा कोषाची तरतूद असल्यामुळे बँकेची अडचण बरीच सुटली.

तेंदूच्या हंगामाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ग्रामसभेची कसोटी तेथेच लागते. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना दोन पर्याय असतात: वनविभागामार्फत लिलाव करणे किंवा स्वतः विक्री करणे. आमच्या ग्रामसभांनी स्वतः विक्रीचा पर्याय घेतला. वर्तमानपत्रात निविदेची जाहिरात, गावासमोर निविदा उघडणे, करारनामा, आगाऊ रक्कम, मग उन्हाळ्याच्या सुरुवातीला बेलकटाई (तेंदूच्या झुडपांची छाटणी) आणि मे महिन्यात पंधरवड्याची प्रत्यक्ष तोडाई असा तो क्रम असतो. पहाटे जंगलात जाऊन पाने आणायची, दुपारभर घरी बसून ७० पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर (पाने गोळा करण्याच्या जागी) मोजून द्यायचा. १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. पूर्वी फळीवरचा हिशेब खरेदीदाराचा दिवाणजी लिहीत असे. आता त्याच्याशेजारी ग्रामसभेचा माणूस वही घेऊन बसू लागला, आणि दोन्ही वह्या रोज रात्री ताडून पाहिल्या जाऊ लागल्या. मजुरीशिवाय पानांची जी किंमत येते तिला लोक रॉयल्टी म्हणतात. तिचे वाटप कसे करायचे, किती टक्के जंगलाच्या कामासाठी ठेवायचे, हे ग्रामसभेत ठरे. २०१७ मध्ये जिल्ह्यात तेंदूला फार मोठा भाव मिळाला आणि घराघरांत कधी नव्हे एवढी रक्कम आली. पुढच्या वर्षी भाव कोसळला. त्यातच वस्तू व सेवा कर लागू होऊन तेंदूपानांवर १८ टक्के दर आला होता, आणि नोंदणी, विवरणपत्रे यांचा भार ग्रामसभांच्या समित्यांवर पडला. एका खरेदीदाराने उरलेली रक्कम देण्यास इतका विलंब लावला की, वसुलीसाठी ग्रामसभेला नोटिसा पाठवाव्या लागल्या. त्या लिहायला ग्रामपंचायतीने मदत केली, मात्र सही ग्रामसभेच्या अध्यक्षांचीच होती.

एकेकट्या गावाला खरेदीदारासमोर उभे राहणे अवघड जाते, हे त्या वर्षाने शिकवले. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभारली आहे आणि विक्रीच्या अटी एकत्र बसून ठरवल्या आहेत. आमच्या गावांतील माणसे ते पाहून आली. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या गावाने तर वेगळीच वाट धरली. तेंदूसाठी झुडपे छाटली जातात आणि आगी लावल्या जातात म्हणून त्या ग्रामसभेने तेंदूतोड बंद केली आणि बांबूवर भर दिला. हा निर्णय ऐकून आमच्याकडे बरीच वादावादी झाली. आमच्या गावांत बांबू कमी होता, त्यामुळे तेंदू सोडणे परवडणारे नव्हते. पण आग लावायची नाही, एवढा निर्णय झाला. मोहाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करायचा, असे बायांनीच ठरवले. ते काम कष्टाचे आहे आणि त्यांच्याच वाट्याला येते, हे त्यांना माहीत असूनही त्यांनी ते स्वीकारले.

व्यवस्थापन आराखडा तयार करताना ग्रामपंचायत पुन्हा उपयोगी पडली. कोठे सलग समतल चर खोदायचे, कोठे मातीचा बांध घालायचा, कोणता भाग काही वर्षे चराईला बंद ठेवायचा, बांबूच्या रांजीतून (बेटातून) जुने बांबूच तोडायचे आणि खाली एक पेर राखूनच घाव घालायचा, हे ग्रामसभांनी फिरून ठरवले. यातील मजुरीची कामे रोजगार हमीच्या आराखड्यात आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेणे हे माझे काम होते. ती तेथे घेतली गेली नसती तर आराखडा वहीतच राहिला असता. पेसा गावांना मिळणाऱ्या पाच टक्के अबंध निधीच्या विषयांत वनहक्कांची अंमलबजावणी, वनीकरण आणि जलसंधारण यांचा समावेश आहे, तरी बहुतेक ठिकाणी हा निधी समाजमंदिरे आणि नाल्यांच्या बांधकामावर खर्च होतो. आमच्या गावांत जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) साफ करणे, रोपवाटिका आणि वनउपजासाठी गोदाम यांवर त्यातील काही भाग खर्च व्हावा, यासाठी ग्रामसभेत नावनिशीवार चर्चा घडवून आणावी लागली. सदस्यांपैकी काहींना सिमेंटचा रस्ता हवा होता आणि त्यांची मागणी गैर होती असे मी म्हणणार नाही. चिखलातून आजारी माणसाला नेणाऱ्याला रोपवाटिका दिसत नाही.

घटनेच्या अकराव्या अनुसूचीत सामाजिक वनीकरण आणि गौण वनउपज हे दोन्ही विषय पंचायतींकडे सोपवलेले आहेत. त्यामुळे जंगलाच्या विकेंद्रित कारभाराचे मोजमाप पंचायतीला किती अधिकार मिळाले यावरून करण्याची प्रथा आहे. मी पाहिले ते याहून वेगळे होते. ग्रामपंचायत पाच वर्षांनी बदलते, तिच्यात गटबाजी असते, तिच्यावर वरून येणाऱ्या योजनांचे ओझे असते आणि तिचा ग्रामसेवक माझ्यासारखा बदलीवर जाणारा माणूस असतो. ज्या बायका रोज त्या जंगलात जातात, त्यांची सभा मात्र बदलीवर जात नाही. म्हणून निर्णय आणि पैसा तिच्याकडे राहावा, आणि पत्रव्यवहार, नोंदी, आराखड्यातील तरतूद आणि वरच्या समित्यांतील आवाज ही पंचायतराज संस्थांनी बिनचूक पार पाडावीत, असे माझे ठाम मत झाले आहे. भारतीय वन अधिनियमाखालील २०१४ च्या ग्रामवन नियमांमुळे ज्या गावांनी वनहक्क असताना वा मिळणार असताना वनविभागाच्या चौकटीतील समित्या स्वीकारल्या, त्यांना पुढे आपले अधिकार सिद्ध करणे जड गेले. तेथे ग्रामपंचायतीने वेळीच सभा घेऊन दोन्ही कायद्यांतील फरक समजावून सांगितला असता, तर लोकांना विचार करून निवड करता आली असती.

माझी बदली झाली तेव्हा दोन कामे अपुरी होती. पहिले काम वगळलेल्या कक्षांचे होते. मे २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे दाद मागण्याची सोय झाली, आणि त्या गावाने तिचा आधार घेतला. दुसरे काम अभिलेखांचे होते. मंजूर क्षेत्राचा अंतिम नकाशा महसूल आणि वन या दोन्ही खात्यांच्या अभिलेखांत समाविष्ट व्हावा, असे नियम सांगतात. तसे झाले नाही तर पुढे एखादा रस्ता किंवा खाण त्या भागात प्रस्तावित झाल्यावर कागदावर ते जंगल कोणाच्याच हक्काचे दिसत नाही. हक्कपत्रांच्या साक्षांकित प्रती, पंचनामे, सामायिक पट्ट्याचा करार आणि सर्व पोचपावत्या यांचे पाच संच मी बांधले. एक संच ग्रामपंचायतीच्या कपाटात राहिला, बाकीचे समित्यांच्या सचिवांकडे दिले आणि नव्या ग्रामसेवकांना नोंदवहीत तसे लिहून दिले. नकाशा समाविष्ट करण्याविषयीचे स्मरणपत्र टोल्यातील त्या मुलीने नंतर स्वतःच तयार केले आणि तहसील कार्यालयात आवक क्रमांक घालून दाखल केले.